मला जे झालं ते झान होतं का?

केतकीवन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ठाण्याला. विपश्यनेची दहा दिवसांची तीन शिबिरं झाली आहेत. पहिली दोन म्हणजे गुडघेदुखी आणि झोप. तिसऱ्यात मात्र आठव्या दिवशी, दुपारी अडीच ते साडेतीनच्या सामूहिक बैठकीत काहीतरी झालं. खरं सांगायचं तर मी त्या तासाला संवेदना बघतच नव्हते. कंटाळून परत श्वासावर आले होते, पहिल्या तीन दिवसांसारखी. नाकाखाली, वरच्या ओठावर जिथे वारा लागतो तेवढ्याच जागी. श्वास बारीक होत गेला. मग तळव्यांतून एक काटा वर चढला. थंडीत येतो तसाच, पण तो उतरेचना. हसू यायला लागलं, तेही दाबावं लागलं, कारण शेजारची बाई आधीच माझ्या खोकल्यावर नाराज होती. पंख्याचा आवाज येत होता, पण खालच्या मजल्यावर कुणी रेडिओ लावलाय इतका लांबून. घंटा झाली तेव्हा मला वाटलं दहाएक मिनिटं झाली असतील.

संध्याकाळचं लिंबूपाणी पिईपर्यंत तो आनंद टिकला. मी आचार्यांना विचारलं. ते म्हणाले, सुखद संवेदना आहे, अनित्य आहे, समतेनं बघा. बरोबरच आहे त्यांचं. पण पुढचे दोन दिवस मी फक्त त्याची वाट बघत बसले, आणि ते काही आलं नाही. घरी येऊन चार महिने झाले, अजून वाट बघतेय.

नेटवर शोधलं तर 'झान' हा शब्द सापडला, बौद्ध ग्रंथांतल्या खोल समाधीच्या पायऱ्यांसाठी. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. ते हेच का? आणि रोजच्या आयुष्यात, म्हणजे लॅब, लोकल, स्वयंपाक यात ते येऊ शकतं का?

अण्णा_सांगलीकर

ताई, अभिनंदन. पण यात एवढं शोधण्यासारखं काय आहे? हे आम्हा तबलजींचं रोजचं आहे. पहाटे कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, लावला आणि हात बसला की तासाचा पत्ता लागत नाही. एकदा बायकोनं चहा ठेवला, तो थंड झाला, तिनं उचलला, परत गरम करून ठेवला, तोही थंड झाला. मला दोन्ही वेळा दिसला नाही. शेतकऱ्याची नांगरट घ्या, वारीतली दिंडी घ्या. तल्लीनता ती तल्लीनता. पालीत झान म्हणा नाहीतर संस्कृतात ध्यान. आणि पतंजलीत हे सगळं आहेच.

पर्थची_पाल

अण्णा, शब्द तोच आहे हे खरं. ध्यान, झान, चिनी छान, जपानी झेन ही सगळी एकाच घरची पोरं. पण वस्तू तीच नाही.

पहिल्या झानाचे घटक पाच सांगतात: वितक्क, विचार, पीति, सुख, एकग्गता (एकाग्रता). मराठी वाचकाचा घोटाळा पहिल्या दोघांपाशीच होतो, कारण आपल्या भाषेत वितर्क आणि विचार म्हणजे डोक्यातली बडबड. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात घंटेचा दाखला आहे. घंटेवर टोल पडतो तो वितक्क, मागे नाद घुमत राहतो तो विचार. चित्त विषयावर टेकवणं आणि मग तिथेच घोळत ठेवणं. पीति आणि सुख यांतला फरकही तिथेच छान दिलाय. वाळवंटात तहानेनं व्याकूळ झालेल्या माणसाला पाणी दिसतं तेव्हा होते ती पीति, आणि पाणी पिऊन सावलीत बसल्यावर वाटतं ते सुख. केतकीताईंचा काटा आणि हसू म्हणजे पीति. सुखापर्यंत गाडी गेली की नाही ते त्यांनाच माहीत.

पण झान? माझ्या मते नाही. इथे पर्थपासून तासाभरावर सर्पेंटाइनला बोधिन्यान विहार आहे, तिथे अजान ब्रह्म हे बौद्ध भिक्खू असतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: झानात पाचही इंद्रियं बंद. ऐकू येत असेल तर ते झान नव्हे, फार तर उंबरठा. ताईंना पंखा ऐकू येत होता. विषय संपला.

(मी स्वतः तिथे एकदा नऊ दिवस बसलो. माझी मजल घोरण्यापर्यंत गेली. तेव्हा हे सगळं ऐकीव ज्ञान समजा.)

शंकासुर

पेशानं डॉक्टर आहे, म्हणून लिहितो. माणसाला दहा दिवस बोलू देऊ नका, पहाटे चारला उठवा, रात्री जेवायला देऊ नका, डोळे मिटून तासन्‌तास बसवा. मेंदू काहीतरी करमणूक शोधणारच. त्याला पाली नाव दिलं की तो अध्यात्म होतो. ताईंना छान वाटलं, आनंद आहे. पण 'आवाज लांबून येणं' आणि 'वेळेचं भान जाणं' याच तक्रारी घेऊन माझ्याकडे लोक येतात, तेव्हा ते हसत नसतात.

एक गंभीर सूचना. ज्यांना पूर्वी मानसिक आजाराचा त्रास झालाय किंवा औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असल्या निवासी शिबिरांना जाऊ नये, आणि शिबिरासाठी गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. केंद्राच्या अर्जात हे विचारतात. लोक खोटं लिहितात.

केतकीवन

@शंकासुर, मी खरं लिहिलं होतं. थायरॉइडची गोळी. 🙂

@अण्णा, तुमचा चहा वाचून लॅब आठवली. पूर्वी डिफरन्शिअल काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, आम्ही हातानंच करायचो, अजूनही मशीननं शंका काढली की करतो. स्लाइडवर तेलाचा थेंब, डोळा आयपीसला, डावा हात काउंटरच्या बटणांवर. न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल. शंभर झाले की काउंटर घंटी देतो आणि मग कळतं, पाय झोपलाय, कुणीतरी दोनदा हाक मारून गेलंय. तर वेळ तिथेही जातो. पण स्लाइड बघताना मी खूश नसते. बरं वाटतं ते संपल्यावर. त्या दुपारी काही संपलेलं नव्हतं, तरी बरं वाटत होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, पण नीट सांगता येत नाहीये.

धम्ममित्र_नागपूर

जय भीम. धागा आवडला. वरच्या काही प्रतिसादांत 'विषय संपला' वगैरे वाचून राहवलं नाही.

ताई, तुम्ही फरक नीटच सांगितलाय. पहिल्या झानाची व्याख्याच 'विविच्चेव कामेहि' अशी सुरू होते, म्हणजे इंद्रियसुखाच्या हव्यासापासून बाजूला होऊन. पाच नीवरणं शमायला हवीत: कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्चकुक्कुच्च, विचिकिच्छा. हाव, राग, सुस्ती, चुळबुळ-पस्तावा आणि संशय. अण्णांना कायदा बसवायचा असतो, तुम्हाला शंभर पेशी पुऱ्या करायच्या असतात. तिथे चित्त एकाग्र आहे, पण काहीतरी मिळवायच्या कामाला जुंपलेलं आहे. शिकाऱ्याचंही एकाग्र असतं. मी तबल्याला नावं ठेवत नाही, फक्त वेगळं आहे एवढंच. अण्णांनी पतंजलीचा उल्लेख केला. योगसूत्रांत पहिल्या पादातल्या सतराव्या सूत्रात वितर्क, विचार, आनंद अशी ओळ आहे खरी. पण ती सूत्रं निकायांच्या, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली संग्रहांच्या, नंतर संकलित झाली. तेव्हा कुणात काय आहे ते उलटही म्हणता येईल.

आता आवाजाचा वाद. तो पर्थमध्ये सुरू झालेला नाही. त्रिपिटकातच आहे, आणि दोन्ही बाजूंना कागद आहेत.

महापरिनिब्बान सुत्तात पुक्कुस नावाचा मल्ल येतो आणि आपले गुरू आळार कालाम यांची थोरवी सांगतो: रस्त्याच्या कडेला बसले होते, पाचशे गाड्या अंगाजवळून गेल्या, पांघरुणावर धूळ बसली, ते जागे होते, तरी त्यांना काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. यावर भगवान म्हणतात, मी आतुमा गावी भुसा ठेवायच्या खोपीत होतो. पाऊस कोसळत होता, वीज पडून दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल मेले. लोक गोळा झाले. मला ते बाहेर आल्यावर कळलं. इथे पर्थवाले जिंकले.

पण विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांची गोष्ट आहे. ते भिक्खूंना सांगतात, सप्पिनिका नदीच्या काठी मी अचल समाधीत बसलो होतो आणि नदीत उतरणाऱ्या हत्तींचा चीत्कार ऐकला. भिक्खू चिडले, हा खोटी फुशारकी मारतोय म्हणाले. बुद्धांनी निवाडा दिला: अशी समाधी असते, पण ती पूर्ण शुद्ध नव्हती. मोग्गल्लान खरं बोलतोय, त्याचा दोष नाही. अट्ठकथा, म्हणजे त्यावरची नंतरची टीका, म्हणते की ते ऐकण्यापुरते झानातून बाहेर आले होते. आता तुम्ही मूळ पाठावर विश्वास ठेवणार की अट्ठकथेवर, यावर दोन गट पडतात आणि आजही भांडतात. ली ब्रासिंग्टन यांच्यासारखे शिक्षक, ज्यांना आय्या खेमा या भिक्खुणींकडून हे शिकवायची परवानगी मिळाली, ते सुत्तातली हलकी झानं शिकवतात. विसुद्धिमग्गाची फार खोल आहेत. बुद्धघोषांनी तो ग्रंथ पाचव्या शतकात अनुराधपुरात लिहिला, म्हणजे बुद्धांनंतर जवळपास हजार वर्षांनी. मधल्या काळात कसोटी कडक होत गेली असं मला वाटतं. चूक असेन.

आणखी एक सुत्त आहे, माझं आवडतं. वेसालीला लिच्छवी गाड्याघोडे घेऊन गोंगाट करत बुद्धांच्या भेटीला येतात. काही ज्येष्ठ भिक्खू गुपचूप उठून शांत वनात निघून जातात. बुद्ध म्हणतात, बरोबर केलं. मग काट्यांची यादी सांगतात, त्यात एक ओळ: पहिल्या झानाला आवाज हा काटा. ऐकूच येत नसेल तर काटा कशाचा? पर्थकरांनी उत्तर द्यावं.

पर्थची_पाल

काटा बूट घालायच्या आधीच बोचतो. झानात शिरतानाच आवाज आडवा येतो, आत गेल्यावर नाही, असं ते लोक वाचतात. पण हत्तींची गोष्ट मला माहीत नव्हती, मान्य. 'विषय संपला' मागे घेतो.

पोढी

अवांतर: कान्हेरीला गेलात तर मोठं चैत्यगृह बघून परत फिरू नका. वर चढत जा, शंभराहून जास्त लेणी आहेत. लहान खोल्यांत दगडाचे ओटे आहेत, एका माणसाला आडवं होता येईल एवढे. खोलीबाहेर पाण्याचं टाकं. शिलालेखात त्याला 'पोढी' म्हणतात, माझा आयडी तिथूनच घेतलाय. जुलैमध्ये भर पावसात मी तसल्या एका ओट्यावर अर्धा तास बसलो होतो. दरीतून धबधबा एवढा गर्जत होता की दोन मिनिटांनी तो आवाज म्हणून वेगळा कळेनासाच झाला. पावसाचे चार महिने ज्या भिक्खूंनी इथे काढले, त्यांची आवाजाबद्दल काय मतं असतील? मग गार्डनं शिट्टी मारून खाली बोलावलं. ती ऐकू आली.

अण्णा_सांगलीकर

@धम्ममित्र, पटलं बरंचसं. फक्त शिकाऱ्याच्या पंगतीत बसवलंत ते जरा लागलं.

एक विचारतो. एवढं काटेकोर वर्णन आहे, तर सामान्य माणसाला आतून कसं असतं ते कुठे लिहिलंय का? याद्या नकोत.

धम्ममित्र_नागपूर

अण्णा, माफ करा. वीणा तुमच्या जवळची म्हणून सोणाची गोष्ट आधी सांगतो. पायातून रक्त येईपर्यंत चंक्रमण (चालत ध्यान) करणाऱ्या सोण नावाच्या भिक्खूला बुद्धांनी विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजते? फार ढिल्या सोडल्या तर? तुम्ही तबला सुरात लावता, तेव्हा हातोडी कुठे थांबवायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आतून कसं असतं, त्याच्या चार उपमा सामञ्ञफल सुत्तात आहेत. पहिल्या झानाची आपल्या घरातली आहे. अंघोळ घालणारा नोकर काशाच्या थाळीत स्नानचूर्ण घेतो, पाणी शिंपडत शिंपडत मळतो, गोळा आतबाहेर ओला होतो, पण पाणी ठिबकत नाही. दिवाळीत उटणं कालवलंय ना? पाणी जास्त झालं की ओघळतं, कमी झालं की पीठ उडतं. ते मळत राहणं म्हणजे वितक्क-विचार. म्हणून पहिल्या झानात अजून थोडं काम आहे. दुसऱ्यात हात थांबतो: तळं, ज्याला बाहेरून एकही ओढा येत नाही, पण तळातून गार झरा फुटतो. तिसऱ्यात पाण्याखालीच वाढलेली, वर न आलेली कमळं. चौथ्यात माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरं वस्त्र पांघरून बसलाय. आनंदाची उसळी नाही, दुःख नाही. अनेकांना वाटतं चौथं म्हणजे आनंदाचा कळस. तिथे सुखही खाली ठेवलेलं असतं.

हे मराठीत वाचायचं तर धर्मानंद कोसंबींचा समाधिमार्ग काढा. गोव्यातल्या साखवाळचा माणूस, १९०२ साली सिलोनला जाऊन पाली शिकला. विसुद्धिमग्गाची त्यांनी हात फिरवलेली प्रत हार्वर्डच्या मालेत १९५० साली निघाली, ते स्वतः १९४७ सालीच सेवाग्रामला वारले होते.

थोडं घरचं. माझ्या आजोबांनी ५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आमच्या विहारात रविवारी त्रिशरण, पंचशील, वंदना, मग मुलांच्या अभ्यासाचं, नळाचं, कुणाच्या पेन्शनचं बोलणं. ध्यानाला बसणाऱ्याकडे वस्तीत जरा संशयानंच बघायचे: पोट भरलेल्यांचे चोचले. मलाही तसंच वाटायचं, आणि अजूनही काही शिबिरांतली गाड्यांची रांग बघून वाटतं. पण अंगुत्तर निकायातली एक साखळी वाचली आणि माझं मत हललं. शील असलेल्याला खंत नसते. ज्याला खंत नाही त्याला 'मला प्रमोद होवो' अशी इच्छा करावी लागत नाही, तो होतोच. प्रमोदातून पीति, पीतीतून काया शांत, त्यातून सुख, सुखी माणसाचं चित्त समाधीत जातं. प्रत्येक पायरीला तेच वाक्य आहे: इच्छा करायची गरज नाही. म्हणजे पंचशील ही प्रस्तावना नाही, पहिलं पाऊलच तिथे आहे.

ताई, चार महिने वाट बघताय म्हणालात. त्या दुपारच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, आठवतंय का?

शंकासुर

हा प्रश्न मी ओपीडीत दिवसातून तीस वेळा विचारतो. पहिल्यांदाच धार्मिक धाग्यावर वाचला. +१

केतकीवन

दोन दिवस विचार करतेय, लिहू की नको.

सातव्या रात्री झोप येत नव्हती. आई गेल्यावर तिच्या पाटल्यांवरून माझं आणि धाकट्या बहिणीचं बोलणं बंद होतं. तीन वर्षं. आईनं त्या मला दिल्या होत्या हे खरं. पण शेवटचं दीड वर्ष तिनं आईचं केलं हेही खरं, आणि आईनं त्या मला दिल्या तेव्हा बहीण स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज करत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या रात्री कुशीवर वळले आणि मनात म्हटलं, घेऊन जा बाई. बस्स, एवढंच. रडणंबिडणं नाही. झोप लागली. दुसऱ्या दिवशी अडीचला ते झालं.

मी कधी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. आणि घरी आल्यावर पाटल्या दिल्या का? नाही. लॉकरमध्ये आहेत. इथे चार महिने मी उशी बदलली, आसन बदललं, ॲप घेतलं.

पर्थची_पाल

मी मतांतर केलेलं नाही, ते झान नव्हतं असंच म्हणेन. पण एक गोष्ट टाकतो, आता लागू पडते. अंगुत्तरातच डोंगरातली गाय आहे. अडाणी, वाटा न माहीत असलेली. तिला वाटतं, नवीन कुरणात जाऊन नवीन गवत खावं. पुढचा पाय नीट टेकवायच्या आतच ती मागचा उचलते. नवीन गवत मिळत नाही, आणि आधी होती त्या जागीही सुखरूप परतता येत नाही. पहिलं झान पक्कं न करता दुसऱ्याकडे धावणाऱ्या भिक्खूसाठी आहे ती. सह्याद्रीत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको.

पोढी

ती गाय हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर मी दरवर्षी बघतो. माणसाच्या रूपात.

अण्णा_सांगलीकर

ताई, पाटल्यांचं बघा आधी. झान कुठे पळून जात नाही. (धम्ममित्र रागावतील, पण चालेल.)

धम्ममित्र_नागपूर

नाही रागावत. फक्त एक: झान येईल म्हणून पाटल्या देऊ नका. तो परत व्यवहारच झाला.

केतकीवन

अपडेट द्यायला आले. काल लॉकर उघडला, पाटल्या घेऊन बहिणीकडे गेले. फोन न करता गेले, नाहीतर धीर झाला नसता. दार उघडून ती बघतच राहिली. पिशवी हातात दिली. तिनं उघडली, एक पाटली तळव्यावर तोलली आणि म्हणाली, "एवढ्या हलक्या होत्या का गं?" मी म्हटलं, बदलल्या नाहीत मी. मग दोघी हसलो, मग तिनं पोहे केले. मीठ कमी होतं. आईसारखंच.

आज पहाटे पाचला बसले. मनात हळूच होतंच, आता येईल, आज येईल. धम्ममित्र म्हणाले तेच. काटा नाही, हसू नाही. डावा गुडघा दुखला. शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या स्वच्छ ऐकू आल्या, आणि मी चौथीची वाट बघत बसले.